मशीनचं कपाळ

११ ऑगस्ट २०२५, साकोली

डॉक्टर म्हणाले, बीपीची गोळी वाढवायची नसेल तर राग कागदावर काढत जा. गोळ्यांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे गोळीची भीती दाखवतात! पण बायकोने, डिंपलने, ऐकलं होतं, त्यामुळे सुटका नाही. आमच्या पोरीकडून, रश्मीकडून, एक कोरी वही मागून आणून हातात ठेवली.

आजचा राग लिहितो. मशीन आलं, इटलीहून. सगळा कारखाना काम सोडून हायवेपर्यंत बघायला गेला. आमच्या मालकांनी, भोजराजभाऊंनी, ट्रकच्या चाकापुढे स्वतः नारळ फोडला. हे मशीन म्हणे प्रत्येक गोळीचा फोटो काढतं आणि खराब दिसली की फुंकर मारून बाजूला उडवतं. आजवर हे काम माझ्या हॉलमध्ये होत आलं. पट्ट्यावरून गोळ्या सरकायच्या, दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका तांदूळ निवडावेत तशा निवडायच्या आणि मी मागून फिरायचो. मंगेशच्या नजरेतून डाग सुटत नाही, असं भोजराजभाऊ पाहुण्यांना सांगायचे. आता सांगत नाहीत.

कारण टांझानिया. आमच्या जंताच्या गोळ्या तिकडच्या शाळांमध्ये जातात. गेल्या खेपेला काही गोळ्यांवर काळे ठिपके निघाले आणि पुढची ऑर्डर अडकली. भाऊ म्हणाले, "माल चांगला असून आता भागत नाही मंगेश. चांगला हाय हे एकेक गोळीच्या फोटोसकट दाखवा लागते. नाही तं दुसऱ्या देशाचा माल उभाच हाय."

मशीनबरोबर मनाली आली. नाकाडोंगरीची पोट्टी, माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान. कंपनीने इटलीला पाठवून शिकवून आणली. माझा सगळ्यात लांबचा प्रवास तिरुपती. वाकून नमस्कार करून म्हणाली, "काका, मी तुमच्या हाताखालीच हाय जी. काही चुकलं तं सांगजा."

हाताखाली! हॉल मी उभा केला, बायका मी शिकवल्या आणि आता आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. वर मलाच नमस्कार करतो.

१९ ऑगस्ट

मशीनसाठी काचेची खोली बांधली. आत जायचं तर टोपी, झगा, पायमोजे. माझ्या हॉलमध्ये अजून पंख्याला दोरी बांधलेली आहे.

मनालीने सगळ्यांना मशीन समजावून सांगितलं. समोर दोन गोल काचा, ते त्याचे डोळे. डोळ्यांच्या वर एक गुळगुळीत पांढरी पट्टी. रोज सकाळी ती पट्टी डोळ्यांसमोर खाली उतरते, मशीन तिच्याकडे बघून घेतं आणि पट्टी परत वर जाते. "या पट्टीकडे पाहून मशीन पांढरं म्हंजे काय ते शिकते," मनाली म्हणाली. "मंग दिवसभर त्याच्याशी गोळी ताडून पाहते."

मी म्हणालो, "पांढरं म्हंजे काय हे आमच्या पट्ट्यावरच्या रिताबाईले विचारा, ते फुकटात सांगते."

बायका हसल्या. मनालीही हसली, आणि तेच मला आवडलं नाही.

२ सप्टेंबर

माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे. इतक्या वर्षांत हॉलमध्ये जेवढ्या तऱ्हेच्या खराब गोळ्या सापडल्या, त्यातली एकेक मी जपून ठेवली आहे. ठिपक्याची, कडा उडालेली, केसासारखी बारीक चीर गेलेली, पावसाळ्यात फुगलेली. नवीन बाई कामाला आली की डबा उघडून दाखवायचा, ही माझी पद्धत.

आज मनाली म्हणाली, "काका, रिताबाईनं तुमच्या डब्याचं सांगतलं. मशीनले इटलीतल्या खराब गोळ्या माहीत हायेत, आपल्या नाही. डबा द्याल तं मशीनले एकेक दाखवीन."

म्हणजे नजरसुद्धा काढून मशीनला द्यायची! मी सांगितलं, तो डबा केव्हाच फेकला. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग "बरं जी" म्हणून गेली. डबा माझ्या मागच्या कपाटातच होता. पटलं असावं तिला.

१४ सप्टेंबर

घरातही तीच. रश्मीच्या कॉलेजात मनालीचं भाषण झालं. नाकाडोंगरीहून एसटीने तुमसरला शिकायला जायची, तिथून इटलीपर्यंत कशी पोचली वगैरे. रश्मीने तिच्यासोबत फोटो काढून मोबाईलवर लावला. खाली लिहिलं, 'माझी प्रेरणा'. बाप रोज डबा घेऊन कामाला जातो, त्याचा फोटो कधी कोणी लावला नाही.

जेवताना सारखं मनालीताई असं म्हणाली, मनालीताई तसं म्हणाली. शेवटी मी म्हणालो, "नव्याचे नऊ दिवस असतात."

डिंपल म्हणाली, "तुम्ही काहून जळून राहिले जी? पोट्टी साधी हाय."

मी जळत नाही. मी फक्त जे आहे ते बोललो. भाजीत मीठ जास्त होतं, तेही बोललो.

२९ सप्टेंबर

मशीन धावतं आहे. भोजराजभाऊ दिवसातून कितीदा तरी काचेला नाक लावून उभे राहतात. माझा हॉल अर्धा बंद. बायकांना पॅकिंगमध्ये हलवलं, त्या खूश आहेत, तिथे टेकून बसायला खुर्च्या आहेत. रितासुद्धा खूश. तिला तर मीच शिकवलं होतं.

टांझानियाचे पाहुणे पंधरा ऑक्टोबरला मशीन बघायला येणार. पसंत पडलं तर ऑर्डर.

मनाली खंडेनवमी आणि दसरा दोन्ही दिवस रजेवर. आईवडिलांना घेऊन दीक्षाभूमीला जाते, दरवर्षीचं आहे त्यांचं. जाताना मला सांगते कशी, "काका, खंडेनवमीची पूजा दरवर्षी तुम्हीच करता ना? यंदाही तुम्हीच करा. फक्त काचेच्या बाहेरून करजा. आत काही नोका नेऊ."

कारखान्यात पूजा कुठून करायची हे आता मला ती शिकवणार. भाऊंनीही मान डोलावली. "आत हळदीचा कण सापडला तं पाहुणे उलट्या पावली वापस जातीन," म्हणाले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज मन शांत आहे.

सगळ्या यंत्रांची पूजा केली. गोळ्या पाडायचं मशीन, बॉयलर, वजनकाटे, माझा जुना पट्टा. झेंडूच्या माळा घातल्या. शेवटी सगळे काचेच्या खोलीपुढे आले. मी बाहेरून ओवाळलं, नारळ फोडला, भाऊ प्रसाद वाटायला बाहेर गेले.

मी एकटाच मागे राहिलो. मनात आलं, पोटासाठी राबणाऱ्या यंत्राला हळदकुंकू न लावता दारातून हात जोडायचे, ही कुठली रीत? आणि मनात हेही आलं की या खोलीत माझं बोट एकदा तरी लागायला पाहिजे. टोपी, झगा, सगळं घालून आत गेलो. कोणी म्हणू नये मंगेशला स्वच्छता कळत नाही.

आता हळदकुंकू लावायचं ते कपाळाला. मशीनचं कपाळ कुठे? बघितलं तर सोपं होतं. दोन डोळे, त्यांच्या वर पांढरीशुभ्र पट्टी. अनामिकेने हळद लावली, वर कुंकू. छान दिसलं. हात जोडले. मग ओल्या रुमालाने लगेच पुसूनही घेतलं, कुंकवाचा कण ठेवला नाही. देवालाही पोचलं आणि कोणाला कळलंही नाही.

घरी येऊन त्याच हळदीने रश्मीच्या सायकलची पूजा केली. पोरगी मध्येच आली, तिच्या पांढऱ्या ओढणीला माझं बोट लागलं. किती चिडली!

२ ऑक्टोबर, दसरा

ओढणीवरून घरात रामायण. साबण लावून झाला, डाग जात नाही. डिंपल म्हणाली, "घासू नोको, फाटन. दोरीवर टाक. हळद उन्हाले भेते."

सोनं वाटून आलो. भोजराजभाऊंना दिलं तेव्हा ते फोनवर मनालीशी बोलत होते.

३ ऑक्टोबर

लिहू की नको? लिहितो. आज मला आनंद झाला.

मशीन बिघडलं. सकाळी सुरू केल्यापासून गोळ्या उडवतंय. चांगल्या, पांढऱ्या, माझ्या नजरेलाही खोट न दिसणाऱ्या गोळ्या फू फू करून टोपलीत. पडद्यावर एकच, रंग जुळत नाही. मनाली रजेवरून आली ती सरळ त्याच्यापुढे बसली. काचा पुसल्या, दिवे बदलले, तरी तेच.

इटलीचं मशीन दसऱ्याला एक दिवस बंद राहिलं तर रुसलं. माझा पट्टा गेल्या पुरात गुडघाभर पाण्यात उभा होता, तरी दुसऱ्या दिवशी चालला.

६ ऑक्टोबर

भोजराजभाऊंनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "मंगेश, मशीन दहा-बारा तारखेपर्यंत नाही सुधरलं तं मी पाहुण्यांना तुझा पट्टा दाखवीन. पट्टा पाहून ते ऑर्डर देणार नाही, मले माहीत हाय, पण इज्जत तं राहीन. मनालीले मंग ठेवून काय करू? तू तयारीत राहा."

मी गंभीर चेहरा करून "हो भाऊ" म्हणालो. येताना पेढे घेतले. डिंपलने विचारलं, कशाचे? म्हणालो, असेच. ऑर्डर देणार नाहीत हे भाऊंचं वाक्य आत्ता लिहिताना आठवलं. ऐकताना कानात शिरलंच नव्हतं.

रश्मी जेवली नाही. मनालीताईला काढणार असं तिला कुठून तरी कळलं. "बाबा, तुम्ही तिले मदत करा ना. तुमाले तं सगळं समजते," म्हणाली. इतक्या दिवसांनी पोरीने माझं कौतुक केलं तेही तिच्याचसाठी.

८ ऑक्टोबर

मनाली माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, एक विचारू? खंडेनवमीले पूजा कोनं केली?"

"मीच केली. तू सांगतलं तशी, काचेबाहेरून."

"हळद घरची होती का इकतची?"

हा काय प्रश्न! म्हणालो, घरची, डिंपलने दळलेली. "चांगली असन," ती म्हणाली. "घरच्या हळदीचा रंग पक्का राह्यते." आणि गेली. कामाचं सुचत नसलं की माणूस असं काहीबाही बोलतो. मला तिची थोडी कीव आली. फार नाही.

९ ऑक्टोबर

आज कमाल झाली. मनाली मशीन सोडून गच्चीवर! रिता बघून आली. पांढरी पट्टी स्क्रू काढून वर नेली आहे, स्वच्छ कपड्यावर उन्हात ठेवली आहे आणि छत्री घेऊन शेजारी बसली आहे, वाळवणाची राखण करावी तशी. भाऊंना तिने सांगितलं, पट्टीला दमटपणा धरला, दुसरी इटलीहून मागवली तर कस्टममधून यायला महिना जाईल.

आम्ही खूप हसलो. लाखांदूरच्या बाजारातून पापडही आणून घाला म्हणावं सोबत.

१० ऑक्टोबर

आज ताट अर्धं टाकून वही उघडली.

संध्याकाळी रश्मी ओढणी घेऊन निघाली. पांढरीशुभ्र. मी विचारलं, "डाग कुठं गेला?" डिंपल म्हणाली, "सांगतलं होतं ना, हळद उन्हाले भेते. साबणानं गेली नाही, पण उन्हानं नेली."

मी ताटावरून उठलो. डिंपलला वाटलं बीपी वाढला.

पुसल्यावरही पट्टीवर राहिलेला हळदीचा डाग मला दिसला नव्हता. पण मशीनला दिसतो. पट्टी पिवळसर झाली आणि मशीन त्यालाच पांढरं समजू लागलं. मग खरी पांढरी गोळी त्याला चुकीची वाटणारच. आणि हे तिला परवाच कळलं होतं. घरची की इकतची, असं विचारत होती तेव्हाच. भाऊंना एका शब्दाने सांगितलं असतं तर आज मी घरी बसलो असतो. दमटपणा म्हणाली.

मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट जास्तच जळलो. हुशार आहे, इटलीला जाऊन आली, माझ्या पोरीला आवडते, हे सगळं मी कसंबसं गिळत होतो. आता चांगलीही निघाली!

११ ऑक्टोबर

दुपारी गच्चीवर गेलो. का गेलो माहीत नाही. मनाली पट्टीजवळ बसली होती. नागझिऱ्याकडची वांदरं हल्ली कारखान्याच्या गच्चीवर येतात, म्हणून ती हलत नव्हती. तेवढ्यात खालून भाऊंनी हाक मारली, टांझानियाचा फोन आहे.

"जा तू," मी म्हणालो. "मी बसतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मी पट्टीकडे बघितलं. तिथे अजून एक फिकट पिवळी खूण होती, माझ्या बोटाच्या पेराएवढी. माहीत नसेल त्याला दिसणारही नाही. ती एवढंच म्हणाली, "छत्री घेजा काका, तुमाले बीपी हाय."

बसलो. थोड्या वेळाने एक मोठं काळतोंडं वांदर टाकीवरून उतरलं. पट्टी उन्हात चकाकत होती. ते एकेक पाऊल टाकत जवळ आलं.

डॉक्टरांनी राग लिहायला सांगितला आहे, खोटं लिहायला नाही. मी बसून राहिलो. मनात आलं, मी काहीच करायचं नाही. वांदर नेईल, पट्टी जंगलात जाईल, मनाली जाईल, मशीनवर ताडपत्री पडेल, माझा हॉल भरेल. कोणी मला विचारणार नाही. वांदराचा हात पट्टीवर पडला.

मग रश्मीचा चेहरा आठवला असं लिहिलं तर शोभेल. खरं म्हणजे ती छत्री आठवली. माझ्याच डोक्यावर होती.

ओरडलो, पायातली चप्पल काढून फेकली. वांदर पट्टी टाकून पळालं आणि चप्पल थेट भोजराजभाऊंच्या गाडीवर. मी पट्टी खालच्या कपड्यात गुंडाळून छातीशी धरून बसलो. मनाली धावत वर आली. "काका, चप्पल?"

"वांदरानं नेली," मी सांगितलं.

१३ ऑक्टोबर

पट्टी बसवली. मशीनने तिच्याकडे बघितलं आणि चांगल्या गोळ्या गुमान पुढे सोडल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हळू.

भाऊंनी विचारलं, "बिघाड काय होता?" मनाली म्हणाली, "ऊन कमी पडत होतं भाऊ." सगळे हसले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी निवांतपणे तिचा राग करू शकलो असतो. आता तीही सोय राहिली नाही.

१५ ऑक्टोबर

टांझानियाचे पाहुणे आले. एक उंच बाई आणि एक म्हातारे गृहस्थ. बाईंनी मशीन तासन् तास पाहिलं, फोटो तपासले, खूश दिसल्या. मग पिशवीतून गोळ्या काढल्या, आमच्याच गेल्या खेपेच्या, आणि मशीनवर सोडल्या. ठिपक्याच्या सगळ्या उडाल्या. पण बारीक चीर गेलेल्या निसटून पुढे गेल्या. त्या गोळ्या वाटेत फुटतात, शाळेत पोचेपर्यंत भुगा होतो, असं बाई म्हणाल्या.

मनाली पांढरी पडली. असली चीर इटलीतल्या गोळ्यांना जात नाही, त्यामुळे मशीनला ती माहीतच नाही. मला माहीत आहे. आमच्याकडे पावसाळ्यात पीठ ओलं राहिलं की जाते.

बाईंनी निकाल दिला, मशीन पसंत आहे, पण ही चीर ओळखायला शिकवून दाखवा, मगच ऑर्डर. दिवाळीपर्यंत मुदत. भोजराजभाऊ खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मनाली भिंतीला टेकून उभी होती. तिने डब्याचं नाव काढलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर

सकाळी इतरांच्या आधी गेलो. टोपी, झगा, पायमोजे घातले आणि काचेच्या दारावर टकटक केली. मनाली आत होती. दार उघडून डबा तिच्यापुढे धरला.

"यात चिरेच्या लई गोळ्या हायेत," मी म्हणालो. "आडव्या, उभ्या, कडेच्या, पोटातल्या. कोनती कशानं जाते ते मी सांगतो. तू मशीनले दाखव."

तिने झाकण उघडून बघितलं. एक गोळी उचलून उजेडात धरली. मला वाटलं आता विचारेल, फेकला होता ना? म्हणून मीच म्हणालो, "सापडला. जुन्या सामानात."

"तुमच्या मागच्या कपाटात होता काका, वरच्या फळीवर," ती म्हणाली. "मी रोज पाहत होती. वाटे, देतीन एखाद्या दिवशी."

दिवसभर आम्ही दोघं मशीनपुढे बसलो. मी गोळी उचलून चीर दाखवायचो, ती मशीनला दाखवायची. संध्याकाळपर्यंत ते माझ्यासारखं बघायला लागलं. जळलो का? जळलो, थोडा.

त्या कपाटाला काचेचं दार आहे. इतकी वर्षं रोज मीच ते पुसतो. आतलं बाहेरच्याला दिसतं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं.